चौथी ‘ब’च्या टेबलावरची आजी

सुलोचना सकपाळ खोटं बोलत नाही, ही आमच्या शाळेची एक कायमची अडचण होती. पालकसभेत एखादी आई मोठ्या आशेनं विचारते, “मॅडम, आमचा झैन हुशार आहे ना?” बाकीच्या शिक्षिका म्हणतात, “हो, थोडं लक्ष द्यायला हवं इतकंच.” सुलोचना म्हणते, “हुशार नाही. पण मेहनती आहे, त्याला मारून मुटकून हुशार करू नका.” मग ती आई प्रिन्सिपॉलकडे जाते आणि प्रिन्सिपॉल साबेरा मॅडम कपाळाला हात लावतात.

मी त्याच शाळेत लायब्ररी सांभाळते. शाळा मस्कतच्या कडेला, अल खौदला. चौदा वर्षं आम्ही एकाच गाडीतून येतो-जातो, त्यामुळे तिच्या फटकळपणाचा सगळ्यात जास्त प्रसाद मलाच मिळाला आहे. पण ती अशी का झाली तेही मला ठाऊक आहे.

ती खेडजवळच्या गावातली. तिचे वडील गेले तेव्हा मुलगा अश्विन पोटात होता, सातवा महिना. भावाचा फोन आला तो नवऱ्याला, सदानंदला. दोघांनी ठरवलं, बाळंतपण होईपर्यंत हिला सांगायचं नाही. आखातात हे नवं नाही. इथल्या माणसाला घरचं मरण उशिराच कळतं. कुणाची परीक्षा असते, कुणाला रजा नसते, कुणाचं हृदय नाजूक असतं, आणि घरचे सगळे मिळून मायेपोटी कट करतात. बाळंतपण झालं तरी कुणाला धीर होईना. चार महिने सुलोचना फोनवर विचारत राहिली, “तात्या कुठायत?” आणि भाऊ सांगत राहिला, “शेतावर गेलेत.” शेवटी मत्रहच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात गावाकडचा एकजण भेटला आणि म्हणाला, “तात्या गेले ते फार वाईट झालं.” दोन महिन्यांचं पोर कडेवर, आणि समोर हा माणूस. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही तिच्यावाचून होऊन गेला होता.

अश्विन आता पुण्यात कॉलेजला आहे. सदानंद भला माणूस आहे. तिनं त्याला संसारात बाकी सगळं माफ केलं, एवढं सोडून. “मला वाचवायला निघाले होते,” ती म्हणते, “आणि माझे चार महिने चोरले.”

तर ही बाई, आणि हिच्या वर्गाला मेक्सिको आलं.

आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर देशांचा आठवडा असतो. प्रत्येक वर्गानं चिठ्ठी उचलायची आणि त्या देशाचं प्रदर्शन मांडायचं. जपान आलेल्यांनी कागदाचे पक्षी केले, इजिप्त आलेल्यांनी पुठ्ठ्याचे पिरॅमिड. मेक्सिको म्हटल्यावर मी म्हटलं, मोठ्या टोप्या कर, दोन निवडुंग ठेव, मोकळी हो. तिनं माझ्याकडून चार पुस्तकं नेली आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, “आम्ही मृतांचा दिवस करतोय.”

“नऊ वर्षांच्या पोरांना? मेलेली माणसं?”

“नऊ वर्षांच्या पोरांच्या घरी माणसं मरत नाहीत का?”

हेच ती साबेरा मॅडमनाही विचारून आली. त्यांनी फक्त तीन अटी घातल्या. कवट्या नकोत, पेटत्या मेणबत्त्या नकोत आणि पूजा वाटेल असं काही नको. सुलोचनानं तिन्ही मान्य केल्या. ती बुद्धाची माणूस, आत्मा परत येतो वगैरे तिला मुळातच मान्य नाही. पण मेक्सिकोतली माणसं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरात पायऱ्यापायऱ्यांचं टेबल मांडतात, त्यावर आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्याच्या आवडीचं खाणं ठेवतात, आणि तो लांबून चालत येतो, त्याला तहान लागलेली असते म्हणून पेलाभर पाणी ठेवतात, हे वाचून तिला राहवलं नाही. “आत्मा नसू दे,” ती गाडीत मला म्हणाली, “पाणी ठेवावंसं वाटतं ना कुणाला तरी, ते खरं आहे.”

वर्गात तिनं हे सगळं फळ्यावर काढून सांगितलं. टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, म्हणजे येणाऱ्याला रंगानं आणि वासानं घर सापडतं. झेंडू मूळचा तिकडचाच, हे ऐकून मुलांना दसऱ्याच्या तोरणाचा फारच अभिमान वाटला. रंगीत कागदाला भोकं पाडून पताका केल्या. एक नियम तिनं तीनदा बजावला. टेबलावर जिवंत माणसाचा फोटो चुकूनही ठेवायचा नाही. आणि एक गोष्ट तिनं पुस्तकातली जशीच्या तशी सांगितली, एवढ्याशा पोरांना हे कशाला म्हणून मला तेव्हाही राग आला होता. ज्याची कुणी आठवण काढत नाही, ज्याचा फोटो कुणी ठेवत नाही, तोच खरा मरतो, असं तिकडं मानतात.

घरून परवानगीचं पत्र आणि फोटो आणायला सांगितला. मुलांनी काय काय आणलं. कुणाचे पणजोबा, कुणाची मावशी, शरीफ नावाच्या एका मुलानं आपलं मांजर. सुलोचनानं मांजरालाही जागा दिली. दीप्ती नावाच्या मुलीनं पासपोर्टसाठी काढतात तसा लहान फोटो आणला, नऊवारीतली म्हातारी, कानात कुड्या. पत्रावर सही नव्हती.

“आजी का? कधी गेल्या?”

“जूनमध्ये, टीचर. इलेव्हन्थ जून.” दीप्तीचं मराठी अडखळत चालतं. “बट पप्पाला माहीत नाही. मम्मा म्हणाली, डोन्ट टेल. म्हणून साईन नाही घेतली.”

सुलोचना त्या दिवशी गाडीत बसली ती बोलेचना. रुवीच्या फाट्यापर्यंत मला वाटलं तिची तब्येत बिघडली आहे. मग म्हणाली, “गाडी रुवीला घे.”

दीप्तीचे आईवडील रुवीत एका बँकेमागच्या जुन्या इमारतीत राहतात. वडील जितेश, मालवणकडचा, बांधकामावर टॉवर क्रेन चालवतो. शाळा लांब पडते तरी मुलीला तिथंच घातलं आहे, रोज शाळेची बस. आई प्रियांका घरीच पोळीभाजीचे डबे करते. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं, आणि सुलोचनाचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

तिनं आम्हाला बसवलं, चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलायला लागली, आमच्याकडे न बघता. “मॅडम, हे साठ मीटर वर बसतात. एकटे. गेल्या वर्षी ह्यांच्याच साइटवरच्या एकाला वर केबिनमध्ये बायको गेल्याचा फोन आला. त्याच्या हातून लोड सुटला. खाली माणसं होती. ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय ते. आणि हे तर आईवेडे. दीर म्हणाले, डिसेंबरला रजा मंजूर आहे, घरी आले की सांगू, आपल्या माणसांत. सगळं कार्य दिरांनी केलंय. म्हातारीला कमी ऐकू यायचं, फोनवर फार बोलायचीच नाही, म्हणून निभतंय.”

“थोरला मुलगा कोण?” सुलोचनानं विचारलं.

“हेच.”

“मग अग्नी द्यायचा हक्क यांचा होता.”

प्रियांका रडली नाही. म्हणाली, “हक्क घेऊन वर चढले असते, मॅडम, आणि खाली आले नसते तर? खलास. मी आणि ही पोरगी काय करणार होतो?”

“आणि दीप्ती? ती पाच महिने हे पोटात घेऊन फिरतेय.”

“ती समजूतदार आहे,” प्रियांका म्हणाली. समजूतदार म्हटलेल्या मुलांचं फार वाईट होतं.

परत येताना सुलोचना म्हणाली, “मी सांगणार त्याला.” मी गाडी बाजूला घेतली आणि तिच्यावर ओरडले. हे मी इथं कबूल केलंच पाहिजे. मी म्हटलं, तुझ्या बापाचा हिशेब दुसऱ्याच्या घरात चुकता करू नकोस. दीड महिना राहिला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो फोटो काढून टाक, मुलीला दुसरा कुणाचा तरी आणायला सांग आणि गप्प बस. तो माणूस खाली पडला तर तू कुणाला तोंड दाखवणार आहेस?

हा शेवटचा घाव बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दीप्तीला बाजूला घेऊन तिनं सांगितलं की आजीचा फोटो दप्तरातच ठेव, तुझ्या पणजोबांचा आण. दीप्तीनं पणजोबांचा आणला. पणजोबांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

प्रदर्शन बुधवारी होतं. सुलोचनानं रुवीतल्या फुलवाल्याकडून दिवाळीनंतर उरलेला सगळा झेंडू आणला होता. शाळेच्या हॉलमध्ये जपान आणि इजिप्तच्या मध्ये चौथी ‘ब’चं टेबल, तीन पायऱ्या, बॅटरीचे दिवे, बावीस फोटो, बावीस पेले आणि दारापासून आलेली केशरी वाट. लोक त्या वाटेवर पाय न देता कडेकडेनं येत होते. एक ओमानी शिक्षिका बराच वेळ उभी राहिली आणि तिनं हळूच डोळे पुसले. मी मनात म्हटलं, बाई जिंकली.

अकराच्या सुमारास जितेश आला. यायचा नव्हता. क्रेनची तपासणी निघाली म्हणून साइट अर्धा दिवस बंद, तर हा कंपनीच्या निळ्या कपड्यांतच मुलीचं काम बघायला आला. ठेंगणा, दणकट, सदा हसऱ्या चेहऱ्याचा. दीप्तीनं त्याला लांबून बघितलं आणि ती टेबलाकडे धावली. पण उशीर झाला होता.

फोटो तिसऱ्या पायरीवर होता. पणजोबांच्या मागे, अर्धवट झाकलेला, पुढे स्टीलचा छोटा पेला. सकाळी सुलोचनानं सगळं तपासून घेतल्यावर दीप्तीनं तो ठेवला होता. शेजारच्या मुलीला म्हणे तिनं सांगितलं होतं, “माझ्या आजीला थर्स्टी होईल.”

जितेशनं फोटो उचलला. आधी तो हसला, ओळखीचं माणूस भलत्या ठिकाणी दिसल्यावर हसतो तसा. मग त्यानं वरची पाटी वाचली. इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, आमची गेलेली माणसं.

“मॅडम,” तो म्हणाला, आणि आवाज चढायला लागला, “ही माझी आई आहे. जिवंत आहे ती. जिवंत माणसाचा फोटो मेलेल्यांत ठेवता तुम्ही? काय शिकवता काय पोरांना?”

शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. दीप्ती टेबलाचा कोपरा धरून उभी होती. ती वडिलांकडे बघत नव्हती, सुलोचनाकडे बघत होती. तिची बाई खोटं बोलत नाही हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं. मला आजही वाटतं, त्या पोरीला सुटका दिसली होती. आता टीचर सांगतील आणि हे संपेल.

सुलोचनानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

“माझी चूक झाली,” सुलोचना म्हणाली. “मी मुलीला नीट समजावलं नाही. घरातलं कुणीही मोठं माणूस, असं तिला वाटलं. माफ करा.”

ती हे इतकं सरळ बोलली की मी सुद्धा क्षणभर विश्वास ठेवला. जितेशचा राग तेवढ्यानं उतरला, पण मन शांत होईना. त्यानं तिथंच फोन काढला. आईशी बोलायला लावला तो भावाला, स्पीकरवर, कारण हॉलमध्ये गोंगाट होता.

“रमण, आवशीक जरा फोन दी रे.”

पलीकडे भाऊ आधी खोकला. मग, “जेवून निजली हा ती. औषध घेतल्यान.”

“बरी हा मा?”

“बरी हा. उठली काय लावतंय.”

जितेशनं फोन खिशात टाकला आणि मोठा श्वास सोडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “जाऊ दे मॅडम, माझा आवाज चढला. आमच्याकडे म्हणतात, उगाच मेल्याची बातमी उठली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं. आता म्हातारी शंभरी गाठते बघा. इन्शाल्ला.” त्यानं फोटो शर्टाच्या बाहीनं पुसला, खिशात घातला आणि दीप्तीला जवळ घेतलं. “वेडी गं माझी.” तीही हसली. टेबलावर आजीचा पेला तसाच राहिला, आणि कुणाचं लक्ष नसताना सुलोचनानं तो उचलून बाजूला ठेवला.

साबेरा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून समज दिली. ती तिनं निमूटपणे ऐकून घेतली. मला मात्र ती संध्याकाळी गाडीत म्हणाली, “भाऊ माझ्याशी कसा बोलत असेल, ते आज समजलं. अगदी सोपं असतं.”

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती दीप्तीला घेऊन लायब्ररीत आली. मला म्हणाली, तू इथंच थांब, साक्षीला. दीप्तीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली. म्हणाली, “दीप्ती, काल मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. तू चुकली नव्हतीस. तू फोटो ठेवलास ते बरोबर होतं. मला सॉरी म्हणायचंय.”

दीप्तीनं दाराकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून. मग पुढे वाकली आणि सुलोचनाच्या हातावर हात ठेवला. मोठं माणूस लहानाची समजूत काढतं तसा.

“इट्स ओके, टीचर. तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुम्हाला माहीत होतं ते मी पप्पाला कधीच नाही सांगणार.”

ती उडी मारून खाली उतरली आणि डबा खायला गेली. सुलोचना स्टुलावरच बसून राहिली. तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले होते. हे ओझं त्या पोरीवर चढवायला मीच मान हलवली होती.

शाळा सुटल्यावर ती म्हणाली, “रुवीला चल. आज गुरुवार आहे. उद्या-परवा त्याला सुट्टी. रविवारपर्यंत तो वर चढणार नाही.” तिनं हे सगळं आधीच ठरवलेलं होतं. मी गाडी काढली. या वेळी मी ओरडले नाही.

प्रियांकानं दार उघडलं. सुलोचना तिला म्हणाली, “तू सांगतेस की मी सांगू?” प्रियांका आधी खवळली. तुम्ही कोण, आमच्या घरात तुमचा काय संबंध, असं बरंच बोलली, आणि ते सगळं खरंच होतं. सुलोचनानं ऐकून घेतलं. मग फक्त दीप्ती लायब्ररीत काय म्हणाली ते तिला शब्दशः सांगितलं. प्रियांका चपलांच्या स्टँडवर बसली. तेवढ्यात जिन्यात जितेशची पावलं वाजली.

शेवटी सुलोचनानंच सांगितलं, तिथंच पॅसेजमध्ये उभ्या उभ्या. “जितेशभाऊ, तुमच्या आई जूनमध्ये गेल्या. अकरा तारखेला. काल मी तुमच्याशी खोटं बोलले.”

तो भिंतीला टेकला. हातातली जेवणाची पिशवी त्यानं जपून खाली ठेवली. प्रियांका त्याचं नाव घेत राहिली, तो तिच्याकडे बघेना. मला भीती वाटली तो आरडाओरडा करील, भावाला फोन लावील. त्यानं तसलं काही केलं नाही.

“कालचा फोटो,” तो सुलोचनाला म्हणाला, “दीप्तीनं चुकून नव्हता ठेवला?”

“नाही.”

“तिला कधीपासून माहीत?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. फोटो अजून तिथंच होता. मग बूट न काढता तो आत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. दीप्ती आत अभ्यासाला बसली होती. आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला, अगदी हलका. “दीप्ती, बाळा, आजी गेली ना गं?”

मग ती रडायला लागली. पाच महिने समजूतदार असलेली ती मुलगी इतक्या मोठ्यानं रडली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. सुलोचना जिन्यात उभी राहून ते ऐकत होती. मी तिला चल म्हटलं, तर तिनं मान हलवली आणि ते रडणं थांबेपर्यंत ती हलली नाही.